बाईंच्या सुतातल्या गाठी

मागे बुलढाण्याच्या एका कापडदुकानात मला पडद्याचं कापड दाखवलं. जाडंबारीक सुताचं, मध्येमध्ये फुगीर. दुकानदार म्हणाला, "हातमागाचा लूक आहे ताई, सध्या हेच चालतंय." मी बोट फिरवून पाहिलं. दर वितीवर एक फुगवटा, पुढच्या वितीवर पुन्हा तसाच, त्याच मापाचा. मशीनने मुद्दाम चुकायचं ठरवलं की ते असं नेमानं चुकतं. "मागावर मीच बसते, भाऊ," असं म्हणून मी बाहेर आले. नवरा म्हणाला, घ्यायचं नव्हतं तर भांडायचं कशाला? मी भांडले नव्हते. माझा आवाजच तसा आहे.

पण त्या फुगवट्यांनी मला बाईंच्या सुताची आठवण झाली आणि ती काही केल्या जाईना. म्हणून हे लिहायला बसले.

बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. आमचं गाव मोताळ्यापासून जवळ. दोन्ही घरं एका भिंतीला लागून. माझ्या घरात माग, तिच्या घरात सूत कातायचा पेटीचरखा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला विणायचं सोडाच, आडव्या सुताचा धोटा कोणत्या हातानं फेकायचा तेही ठाऊक नव्हतं. बाईंनी मला गावातल्या केंद्रावर नेऊन बसवलं, आणि मी शिकले ते त्यांच्याच सुतावर. त्यांचं सूत इतकं एकसारखं असे की माझ्यासारख्या धसमुसळीच्या हातूनही कापड बरं निघायचं. लोक माझं कौतुक करायचे आणि मी ते खुशाल घ्यायची. बाई नुसत्या हसायच्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय हळूहळू सुधारला. डावा हात मात्र राहिला तो राहिलाच. आणि सूतकताईत खरं काम डाव्या हाताचं. उजव्यानं चाक फिरवायचं, ते कोणीही फिरवील. डाव्या चिमटीत कापसाचा पेळू धरून, तो किती सोडायचा आणि किती धरून ठेवायचा, हे ज्या बोटांना कळतं तिथे सूत जन्मतं.

घरात सगळ्यांनी त्यांची फार काळजी घेतली. फारच घेतली. त्यांनी तांब्या उचलला की कोणीतरी धावत येऊन तो हातातून काढून घ्यायचं. परातीत पीठ घेतलं की परात सरकवून न्यायचे. थोरले दीर, म्हणजे भाऊजी, तर सगळ्यांच्या पुढे. गावात त्यांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. बिघडलेली वस्तू समोर दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. ते बाईंना आंघोळ घालायचे, भाकरी कुस्करून द्यायचे, केसांची वेणीही घालायचे. ती वेणी पाठीवर न राहता कायम एका खांद्याकडे वळलेली असायची. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मला हसू यायचं नाही. एवढा मोठा माणूस, वंगणाचे हात चार वेळा साबणानं धुऊन बायकोची वेणी घालतो, हे पाहून मला भरूनच यायचं.

बाई मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालल्या होत्या.

गेल्या दिवाळीनंतर पुतणीचं, म्हणजे बाईंच्या मुलीचं, लग्न ठरलं. ती देऊळगाव राजाला दवाखान्यात नर्स आहे, मुलगाही तिकडचाच. तारीख माघातली. एके दिवशी दुपारी बाई भिंतीला धरून माझ्याकडे आल्या, मागाशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "पोरीच्या लग्नात टेबलावर जे कापड हातरतेत, ते म्या सूत काढून करतो. तू इनून दे."

आमच्यात लग्न बुद्धमूर्तीसमोर लागतं. स्टेजवर एक टेबल, त्यावर पांढरं कापड, कापडावर मूर्ती, तसबिरी, मेणबत्त्या, फुलं. नवरानवरी पांढऱ्या कपड्यात समोर उभी राहतात. साड्या, दागिने सगळे पाहतात. टेबलावरचं कापड कोणी पाहत नाही. पण सगळे हात जोडतात ते त्याच्याकडेच तोंड करून.

मी विचारलं, "अन् हात?"

"हात हाये ना. तुटला थोडीच."

दुसऱ्या दिवसापासून चरख्याचा आवाज सुरू झाला. पूर्वीसारखा सलग नाही, थांबत थांबत. आठवड्यानं पहिली गुंडी, म्हणजे सुताची लड, माझ्याकडे आली.  डावी बोटं पेळू मुठीत आवळून धरायची तिथे सूत बुटाच्या नाडीएवढं जाड, आणि अचानक सुटायची तिथे केसासारखं. दोन्हींच्या मध्ये काही नाही. ज्या बाईंच्या सुतात वीतभर दोष काढून दाखवायची केंद्रात पैज लागत असे, त्यांचं हे सूत.

मी सांगून टाकलं. मला गोड बोलता येत नाही. "बाई, ह्याचं कापड होत नाई."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "घरात मले कोनी काईच करू देत नाई. निस्तं बसवून ठेवलं. पोरगी जाईन आता. तिच्या लग्नात माह्या हातचं काई नसंन तं म्या तिथं पावनीच. इनून पाह्य एकडाव. नाई झालं तं नाई झालं."

मी माग लावायला घेतला. उभं सूत गिरणीचं घेतलं, दुहेरी, मजबूत. आडव्याला बाईंचं. पहिल्या दिवशी नाकी नऊ आले. जाड भाग धोट्याच्या छिद्रात अडकायचा, बारीक भाग झटक्यासरशी तुटायचा. जाड धागे एकाच जागी आले की तिथे कापड फुगायचं, बारीक आले की जाळी पडायची. संध्याकाळपर्यंत मी बोटभर कापड विणलं आणि सगळं उसवून टाकलं. नवऱ्यानं जेवायला वाढून घेतलं, मला विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

मग एकेक युक्ती सुचत गेली. मोठ्या छिद्राचा जुना लाकडी धोटा माळ्यावर होता तो काढला. ओळ ठोकून बसवायच्या फणीचं एक घर उभ्या धाग्यानं भरलं, एक मोकळं सोडलं, म्हणजे जाड धाग्याला बसायला जागा झाली. धोट्यात बसणाऱ्या कांड्या भरताना सूत ओलसर केलं. आणि मुख्य म्हणजे धोटे दोन घेतले. एक ओळ ह्याची, एक ओळ त्याची. दोन वेगळ्या गुंड्यांची सुतं आळीपाळीनं पडू लागली तेव्हा जाड भाग एका जागी साचेनात, कापडभर विखुरले. हातही बदलावा लागला. एकसारख्या सुतावर मी फणी दणादण ठोकते. इथे दर ओळीला पाहून, जाड दिसलं की हलकेच, बारीक दिसलं की थोडं जोरात. माझ्यासारखीला हे म्हणजे तोंड बंद ठेवून लग्नाच्या बैठकीला बसण्यासारखं. पण जमलं. कापड पुढे सरकायला लागलं आणि ते मला चक्क आवडायला लागलं. त्यावर हात फिरवला की कुठे काय लागेल याचा अंदाज यायचा नाही. बाईंची एक एक दुपार त्यात दिसायची. ही बरी गेली, ही दमल्याची, इथे मध्येच हात गळला.

अर्धं कापड झालं आणि सूत बिघडलं. म्हणजे आधीच बिघडलेलं सूत नव्या तऱ्हेनं बिघडलं. जाड भाग जवळजवळ गेलेच, आणि त्यांच्या जागी गाठी आल्या. दर हातभर अंतरावर एक गाठ. धोट्याच्या छिद्रात गाठ अडायची आणि धागा तुटायचा. तुटलेला जोडला की पुन्हा पुढची गाठ. जाड सुताला मी कशीबशी वाट करून दिली होती, पण गाठीला कुठून देऊ? मला वाटलं, बाईंचा हात आणखी गेला. सूत सारखं तुटत असणार आणि त्या गाठी मारून पुढे जात असणार. तसं असेल तर हे आताच थांबवलं पाहिजे, त्यांचे हाल कशाला?

गुंडी घेऊन मी त्यांच्या अंगणात गेले. बाई बाजेवर बसल्या होत्या. भाऊजी दुकानातून नुकतेच आलेले, नळावर हात धूत होते. मी म्हणाले, "बाई, गाठी लय मारून राह्यल्या तुमी. धोटा चालत नाई."

"गाठी?" बाईंनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "म्या? माह्या ब्लाउजचं हूक कोन लावते तुले मालूम नाई काय?"

 एका हातानं गाठ बसत नाही, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मला, जिचा जन्म धागे जोडण्यात गेला तिला! आणि कताईत तुटलेलं सूत गाठीनं जोडतच नाहीत. तुटलेल्या टोकावर पेळू टेकवायचा, चाक फिरवायचं, पीळ बसला की झालं. बाई तसंच करत होत्या. मग या गाठी कोणाच्या?

बाईंनी गुंडी मांडीवर घेतली आणि उजव्या अंगठ्यानं धागा चाचपत गेल्या. नळाचं पाणी चालूच होतं. भाऊजींचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ते धूतच होते. चरख्याच्या चातीवर गुंडाळलेलं सूत उतरवून त्याची गुंडी करायचं काम दोन हातांचं, ते त्यांच्याकडे होतं. रोज दुपारी परसात बसून ते गुंडी करायचे. आम्हाला वाटायचं, बिचारे किती मदत करतात.

बाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "तुमी सूतबी दुरुस्त केलं?"

भाऊजींनी नळ बंद केला. "जाडं जाडं तेवढं काढून टाकलं. ब्लेडनं. म्हटलं जरा नीट दिसंन."

"काऊन?"

"पोरीच्या सासरचे लोकं येतीन. कोनी काई बोललं तं तुलेच लागंन म्हून."

"मले नाई लागलं असतं," बाई म्हणाल्या. "आता लागलं." मग चरख्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो बंद करा अन् माळ्यावर टाका. टेबलाले कापड बजारातून आना."

भाऊजींनी हात पुसले. त्यांनी खरंच चरखा बंद करून माळ्यावर ठेवला. मला त्यांचा इतका संताप आला होता की मी तिथून उठून घरी आले आणि उगाच अंगण झाडत बसले.

चरख्याचा आवाज बंद झाला. बाई पुन्हा बाजेवर, भिंतीकडे तोंड करून. पुतणीचा फोन आला की "हाव, हाव" म्हणून ठेवून द्यायच्या. लग्नाची खरेदी चालली होती, घरात पाहुणे येत होते, आणि जिच्या पोरीचं लग्न तिला कशातच गोडी नव्हती. माझ्या मागावर अर्धं कापड तसंच ताणलेलं. ते कापून काढायला माझा हात होईना.

एका सकाळी भाऊजी माझ्या दारात आले. एरवी ते एकटे आमच्या घरात येत नाहीत. चौकटीबाहेरच उभे राहिले, म्हणाले, "ती जेवत नाई नीट."

मी म्हणाले, "मंग मी काय करू?" आणि एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. "भाऊजी, तुमी बाईंची वेनी घालता. रोज वाकडी असते. साऱ्या गावाले दिसते. बाईंनी कधी मले म्हटलं का, सोडून पुन्यांदा घाल म्हून?"

मोठ्या दिराशी असं बोलायची आमच्याकडे रीत नाही.  भाऊजी खाली मान घालून उभे राहिले. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची एक पिशवी काढली आणि चौकटीवर ठेवली. "हे टाकून नाई दिलं म्या. तिनं काढलं होतं ना, टाकवलं नाई. जोडता येते काय पाह्य."

पिशवीत सुताचे जाड तुकडे होते. बोटाएवढे, कुठे वीतभर. ब्लेडनं कापलेले सगळे, एकूण एक, जपून ठेवलेले. माझा राग तिथल्या तिथे विरघळला. या माणसाला बायकोच्या हाताची लाज वाटली नव्हती. तिला कोणी हसेल ही भीती होती, आणि भीती वाटली की दुरुस्ती करायची एवढंच त्याला येत होतं.

तुकडे जोडता येत नव्हते. पण मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वरखाली झाले की मध्ये फट पडते. त्या फटीत बारीक सुताची ओळ टाकायची आणि तिच्या सोबतीला एखादा जाड तुकडा हातानं ठेवून द्यायचा. फणी मारली की तो कापडात बसतो. गाठी असलेलं सूत उलगडून मी गाठी कापल्या, मोकळी टोकं फटीतच एकावर एक ठेवली. काम किचकट होतं, आणि एकटीचं नव्हतं.

मी बाईंना हाताला धरून घेऊन आले. येतच नव्हत्या. "आता काय पाह्याचं त्यात?" म्हणाल्या. मी त्यांना मागाच्या फळीवर माझ्या उजवीकडे बसवलं आणि पिशवी त्यांच्या मांडीत रिकामी केली. त्यांनी तुकडे पाहिले.  "हे ठेवले होते त्यायनं?"

"खिशात घेऊन फिरत होते."

बाई रडल्या. मीही रडले, उगाच कशाला लपवा. मग मी पायाखालची पावडी दाबली, फट उघडली आणि म्हणाले, "ठेवा." त्यांनी उजव्या हातानं एक तुकडा उचलला आणि आत ठेवला. मी फणी मारली. "हळू," त्या म्हणाल्या, "दनकू नोको." म्हणजे बाई परत आल्या होत्या.

चरखा माळ्यावरून खाली आला. कमी पडणारं सूत त्यांनी काढलं, भाऊजींनी गुंडी केली. मी मुद्दाम तपासली. एक गाठ नव्हती. लग्नाच्या आदल्या आठवड्यात कापड मागावरून उतरलं. धुतल्यावर थोडं आटलं, कडा जराशा नागमोडी झाल्या. त्यावर हात ठेवला की हाताला पुष्कळ काही लागायचं. पुतणी सुट्टीवर आली तेव्हा ते मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. तिला यातलं काहीही आम्ही सांगितलं नाही.

लग्न गावातच, विहारासमोरच्या मांडवात होतं. मांडववाल्यानं टेबलावर आधीच चकचकीत सॅटिन लावून झालर सोडली होती. मी ती ओढून काढली. तो कुरकुरला, मी त्याच्याकडे फक्त पाहिलं. मग बाई आमच्या कापडाची घडी काखेत धरून स्टेजच्या पायऱ्या चढल्या. पांढरी साडी, एका खांद्याकडे वळलेली वेणी. समोर दोन्हीकडची माणसं बसलेली, वंदनेला उभे राहणारे तयार, नवरानवरी बाजूला थांबलेली.

एका हातानं मोठं कापड अंथरणं फार अवघड असतं. एक टोक ठेवलं की दुसरं घसरतं. बाईंनी डावा हात उजव्यानं उचलून कापडावर ठेवला, वजनासारखा, आणि मग उजव्यानं कापड पसरायला लागल्या. सासरकडच्या दोन बाया लगबगीनं पुढे झाल्या. पुतणीही एक पाऊल पुढे आली. आणि पहिल्या रांगेतून भाऊजींचा आवाज आला. ते चारचौघांत कधी बोलत नाहीत. ते म्हणाले, "कोनी जाऊ नोका."

सगळ्या थांबल्या.  बाई टेबलाभोवती फिरल्या, पाय ओढत, एकेक बाजू खाली सोडत. मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले होते आणि त्यांच्यावर ते बसले होते.

अंथरून झालं. मूर्ती ठेवली, मेणबत्त्या लागल्या. बाई खाली येऊन भाऊजींच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. मी मागच्याच रांगेत होते. बाईंनी विचारलं, "वाकडं झालं काय?"

भाऊजींनी टेबलाकडे नीट पाहिलं. "हाव," ते म्हणाले. "डावीकडून झालं थोडंसं."

"मंग राहू द्या," बाई म्हणाल्या, आणि वंदना सुरू झाली म्हणून आम्ही सगळे उभे राहिलो.